मांडी

बाळंतपणात शालूबाईचं फार रक्त गेलं आणि ती पांढरीफटक पडली. बैलगाडी इस्लामपूरच्या दवाखान्याच्या वाटेला लागली, तशी तिच्या आईनं, चंद्राबाईनं, लेकीचं डोकं मांडीवर घ्यायला हात घातला. तो हात जावयानं धरला. हंबीररावानं बायकोची मान फळीवर सपाट ठेवली, तिचे दोन्ही पाय उचलून आपल्या खांद्यांवर घेतले आणि तसाच बसून राहिला. वाटेवरची माणसं थांबून बघत होती.

"जावईबापू, जानाऱ्या मान्साला मांडी द्यावी," चंद्राबाई रडत म्हणाली. "लढाईत गोळी लागली तवा माझ्या ल्योकाचं, आकारामाचं डोकं तुमीच मांडीवर घेतलं. चार वर्सं मी त्येवढ्यावरच जगलीया. आता लेकीला तरी मला घिऊ द्या."

"न्हाई, मामी," एवढंच तो बोलला. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही.

दिवस कलायच्या आत शालूबाईनं डोळे उघडले. डॉक्टर हंबीररावाला म्हणाले, "पाय वर धरलेत म्हणून वाचली. एवढं रक्त गेल्यावर डोकं उचललं असतं, तर वाटेतच गेली असती. हे शिकलात कुठं?"

"पलटणीच्या दवाखान्यात," तो म्हणाला. कधी, ते त्यानं सांगितलं नाही.

चंद्राबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर ती जवळ आली आणि तिनं अगदी हळू विचारलं, "जावईबापू, तवा आकारामाचं पाय कुनी धरलं हुतं?"