फुलाबाईंचे हात
"आई हुबेहूब झालीय, पण हात बदला," मुलगा म्हणाला. विड्या वळणाऱ्या फुलाबाई वर्षापूर्वी वारल्या. त्यांचा सिलिकॉनचा पुतळा मुलाच्या नव्या बंगल्यात बसणार होता. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं, विडीचं तोंड मुडपून झिजलेलं अंगठ्याचं नख मी त्यांच्या नवऱ्याला, आप्पांना, विचारून विचारून घडवलं होतं. "पाहुणे काय म्हणतील? गोरेपान, मऊ करा." माझं डोकं फिरलं. "दिवसाला हजार विड्या वळणारे हात असेच असतात. लाज वाटत असेल तर हातांशिवाय न्या." मी दोन्ही हात मनगटातून काढून त्याच्यापुढं ठेवले. "ठेवा तुमच्याकडंच," तो म्हणाला. "दुसरे करून घेईन." कोपऱ्यात बसलेले आप्पा उठले. ते हात त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरले. "आप्पा, पुतळा इकडं आहे." "त्यो ठेव तुझ्या हॉलात. हिला मी घरी नेतो."