एकशेवीस टक्के

"आई, तूच लिही ना माह्या बदल्यात," असं म्हणत धम्मदीपनं जुना मोबाईल पार्वताबाईंच्या हातात कोंबला आणि डबा घेऊन ड्युटीवर पळाला.

वरठीच्या कारखान्यात त्याची बदलती पाळी, आणि त्यात ह्या ऑनलाइन कोर्सची हौस! विषय होता गावतलावांचं पाणी. सरांनी दोघादोघांच्या जोड्या लावून दिल्या होत्या. जोडीनं मिळून लिहायचं आणि खाली कोणी किती टक्के काम केलं ते नोंदवायचं. नुसतं नाव लावून बसणाऱ्याला प्रमाणपत्र नाही. धम्मदीपच्या जोडीला मोहाडीची तृप्ती नावाची मुलगी आली होती.

पार्वताबाई अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगा दिवसभर बाहेर. भिंतींशी तरी माणसानं किती बोलावं? त्यांनी चष्मा लावला आणि धम्मदीपच्या नावानं लिहायला घेतलं. माहेरचं सगळं धान बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, पाण्यावर पिकायचं, त्यामुळे विषय तोंडपाठ.

आणि ती तृप्ती! पोरगी म्हणावी तर अशी. बोडीचं पाणी धानाच्या वरच्या बांधीला, म्हणजे खाचराला, आधी सोडायचं की खालच्या, यावर तिनं असं काही मुद्देसूद लिहिलं की पार्वताबाई चाटच पडल्या.

"आजकालच्या पोरीले हे कसं ठाऊक, रे?"

"यूट्यूब पाहत असंल," धम्मदीप म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला.

टक्क्यांची वेळ आली तेव्हा तर गंमतच झाली. पार्वताबाईंनी मोठ्या मनानं तृप्तीला साठ टक्के दिले. तिकडून तृप्तीनंही धम्मदीपला साठ दिले. बेरीज झाली एकशेवीस. सरांनी कागद परत पाठवला, वर लिहिलं, "आजवर कमी कामाची भांडणं सोडवली. हे पहिल्यांदाच पाहतो आहे." पार्वताबाई एकट्याच इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली.

मग काम संपलं तरी बोलणं संपेना. संध्याकाळी चहा ठेवला की मोबाईल वाजायचा. 'जेवण झाले का? प्रकृतीची काळजी घ्यावी.' किती अदबीनं लिहायची! घरी आई नव्हती तिची. 'आम्ही दोघंच, बाप-लेक,' तिनं एकदा लिहिलं, आणि पार्वताबाईंचा जीव कळवळला. सून करायची तर हीच, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्यांनी धम्मदीपच्या नावानंच विचारलं, आईला घेऊन भेटायला येऊ का?

उत्तर यायला बराच वेळ लागला. तोवर चहा उतू गेला. 'अवश्य यावे. बाबांनाही आनंद होईल.'

धम्मदीपला मोबाईलवरचा तृप्तीचा फोटो दाखवला तर तो लाजून लाल. "पण तिनं काही विचारलं तर? मले तर काहीच येत नाही."

"येवढा कायले घाबरतोस? मी शिकवीन ना," त्या म्हणाल्या. मोहाडीपर्यंत गाडीच्या मागं बसून त्या त्याच्या कानात बोडी, पाळ, सांडवा असं बडबडत राहिल्या.

तृप्तीच्या वडिलांनी, यादोरावांनी, दारातच "जयभीम" केला. रिटायर पोस्टमास्तर, कडक इस्त्रीचा सदरा. तृप्तीनं पोहे आणले आणि धम्मदीपसमोर बसली.

"लेखन फार सुंदर आहे तुमचं, धम्मदीप," यादोराव कौतुकानं म्हणाले.

धम्मदीप पंख्याकडे पाहायला लागला. तृप्ती नखं पाहत राहिली. रोज एवढं भरभरून बोलणारी ही दोघं, आणि आता एक शब्द फुटेना. पार्वताबाईंना ते सहन होईना. हे लेकरू आपल्याला आवडलं, आणि त्यालाच फसवून घरी न्यायचं? सून गेली तर गेली. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"तृप्ती बेटा, मले माफ कर. ह्यानं एक अक्षर नाही लिहिलं. सारं मीच लिहीत होती. रोजचं बोलणंही माहंच. ह्याले तर बोडी अन् विहीर सारखीच. तुह्यासारखी पोरगी घरात पाहिजे होती, म्हणून गप्प राहिली. आता तू नाही म्हटलं तरी मले राग नाही."

तृप्ती रागावेल, निदान उठून तरी जाईल, असं पार्वताबाईंना वाटलं. पण ती हसू दाबत वडिलांकडे पाहायला लागली. यादोरावांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"म्हणजे..." ते खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे मी रोज संध्याकाळी ज्यायच्यासंग बोलून राहिलो होतो, ते... तुम्ही?"

पार्वताबाईंनी गडबडीनं पदर सावरला.

तृप्तीनं खुर्ची धम्मदीपकडे सरकवली आणि हळूच म्हणाली, "आपलं राहू द्या. आधी ह्या दोघायची तारीख काढू."