विकतची धूळ

"पंखा बंद!" आमचे हे ओरडले. डायनिंग टेबलावर त्यांच्या खेळण्यातल्या, चुकले, मॉडेल रेल्वेचे डबे वॉर्निश लावून वाळत ठेवले होते. ओल्या वॉर्निशवर धुळीचा कण बसला तर म्हणे अनर्थ! म्हणून आठवडाभर घरात झाडू बंद, फोडणी बंद, आणि शिंक आली तर मी बाल्कनीत.

शेवटी डबे आरशासारखे चमकले. मी मनापासून म्हटलं, "सुंदर!"

यांचा चेहरा पडला. "खऱ्या गाडीचे डबे एवढे चकचकीत असतात का?" म्हणत त्यांनी वर बिनचमकीच्या वॉर्निशचा हात मारला आणि ब्रशने धूळ बसवायला घेतली. तीही विकतची.

संध्याकाळी त्यांचे क्लबातले मित्र यायचे होते. "अगं, घर झाडलं नाहीस?"

"खरी घरं एवढी चकचकीत असतात का?" मी म्हटलं आणि पंखा पाचवर केला.