वाक

सुनेत्राने टीव्ही लावला आणि आधी आवाज बंद केला. मग चहाचा कप घेऊन सोफ्याच्या डाव्या टोकाला बसली. उजवं टोक देवदत्तांचं. ते जानेवारीत गेले, तरी तिथे बसायची तिची अजून छाती होत नव्हती.

इकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेत, जेमतेम उजाडत होतं. तिकडे ऑस्ट्रेलियात शनिवारची संध्याकाळ. मोठ्या लीगना सुटी लागली की तिथल्या लहान गावांमध्ये बायकांच्या बास्केटबॉलचे सामने रंगतात. गव्हाच्या शेतांमधल्या अशाच एका गावाकडून तिची अनया खेळत होती. बापाचे दिवसवार उरकले आणि मार्चमध्ये पोरगी निघून गेली. तेव्हापासून फोनवर बाबांचं नावसुद्धा नाही. सुनेत्राने विषय काढला की, "आई, प्रॅक्टिस आहे." माणूस असा पुसून टाकता येतो? सुनेत्राला राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची. त्यांची आठवण काढणारी जगात आपण एकटीच उरलो की काय.

देवदत्त नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले. उभ्या जन्मात चेंडूला हात लावला असेल, तर तो गाडीच्या डिकीत टाकायला. पण अनया फ्री थ्रो घ्यायला, म्हणजे रेषेवरून एकटीने बास्केटमध्ये चेंडू टाकायला, उभी राहिली की शिकवायला हे सगळ्यांच्या आधी. "वाक!" ते स्टँडमधून गरजायचे. गुडघ्यात वाक, ताठ उभी राहू नकोस, एवढंच. अमेरिकन आईबापांना ते 'वॉक' ऐकू यायचं. बास्केटबॉलमध्ये वॉक म्हणजे चेंडू न आपटता चालल्याची चूक. हा कसला बाप, स्वतःच्याच मुलीची चूक पकडून देतो! सगळा हॉल हसायचा. एकदा अनया रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, प्लीज, तुम्ही येत जाऊ नका." त्यानंतर ते सामनाभर पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून राहायचे. अगदी शेवटपर्यंत.

एप्रिलमधल्या पहिल्याच सामन्यात, अनया फ्री थ्रोला उभी असताना टीव्हीतून स्पष्ट आलं होतं, "वाक!" सुनेत्राच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हापासून आवाज बंद. कुणाला सांगणार? लोकांनी डॉक्टर सुचवला असता.

काल मात्र फोनवर तोंडून निघून गेलं.

"मी आवाज बंद करून बघते गं. मला तिथे बाबा ऐकू येतात."

अनया म्हणाली, "आई, उद्या लास्ट होम गेम आहे. आवाज चालू ठेव. फॉर मी."

सुनेत्रा हो म्हणाली खरी. पण सकाळी हिंमत झाली नाही.

सामना अटीतटीचा झाला. अखेरीस अनया फ्री थ्रोला आली. चेंडू छातीशी धरून ताठ उभी राहिली, आणि टाकेचना. ही तिथे गेल्यापासूनची नवीनच सवय. दाराशी कुणाची तरी वाट बघत उभं राहावं तशी ती दिसायची. सुनेत्राला ते बघवेना. तिने रिमोट उचलला आणि आवाज चालू केला.

आधी नुसती शांतता. मग एक म्हातारा, चिरका आवाज आला, "वाक!" देवदत्तांचा नव्हता. मग एका बाईचा आला, मग पोरांचा, मग सगळा हॉल एका सुरात, "वाक! वाक!" उच्चार जरा वाकडे, पण शब्द तोच, नागपूरचा.

कॉमेंट्री करणारी बाई हसून सांगत होती, "नव्यांसाठी सांगते, हे वॉक नव्हे हं. अनयाच्या बाबांचा शब्द आहे. आल्या आल्या तिने सगळ्या गावाला शिकवला. तो ऐकल्याशिवाय ती बॉल टाकत नाही."

सुनेत्रा सोफ्याच्या उजव्या टोकाला कधी सरकली, तिचं तिलाच कळलं नाही.

"वाक गं," ती म्हणाली.

अनया वाकली.