गावातलं एकच मेडिकल

ओळख निघू नये म्हणून दिगंबरशेठनी मुलाला तीन तालुके ओलांडून दवाखान्यात आणलं होतं. आपलं मेडिकलचं दुकान आहे, हेही डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं.

"गुप्तरोग आहे, पण औषधानं बरा होईल," रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या. मग त्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे वळल्या. "कंडोम वापरला असतास तर ही वेळच आली नसती. कॉलेजात शिकतोस, एवढंही ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे." पोराची मान खालीच होती. "पण आमच्या गावात मेडिकल एकच आहे. पोरांनी मागितला की दुकानदार गिऱ्हाइकांदेखत ओरडतो, 'कुणाचा रे तू? बापालाच पाठव!'"

हाच किस्सा शेठ घरी जेवताना रंगवून सांगायचे, तेव्हा पोरगा मुकाट्यानं भाकरी मोडत असायचा.

"अहो, तुम्ही गावातली मोठी माणसं. त्या दुकानदाराला कान धरून समजावत का नाही?" बाईंनी शेठनाच विचारलं. "अशी आणखी किती पोरं अडकली असतील!"

दुकानातून माघारी धाडलेला एकेक चेहरा शेठना आठवू लागला. सगळीच पोरं ओळखीची होती.