एकदाही नाही

"हरलेलं वजा होत नाही," वकील म्हणाले. "जिंकलेलं मात्र दाखवावं लागतं. बहात्तर सालापासून तसा कायदाच आहे."

"पण अप्पा जिंकलेच नाहीत कधी," रत्नम्मा म्हणाली.

"इन्कमटॅक्सच्या साहेबांना ते पटत नाही. दर शनिवारी गल्ल्यातून पैसे उचलायचे, क्लबात रमी खेळायची, आणि एकदाही जिंकायचं नाही? असा माणूस नसतो, म्हणाले. जिंकलेलं लपवलंय असं धरून ते कर आणि दंड लावणार. वारस तुम्ही. दुकान विकावं लागेल."

चाटी गल्लीतलं चादरींचं ते दुकान एवढंच वडिलांचं, चन्नवीरांचं, मागे उरलं होतं. रत्नम्माने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा त्याच दुकानाच्या पायरीवरून चन्नवीरांनी तिला परत पाठवलं होतं. तुमचा पैसा माझ्या घरात येणार नाही, असं तीही बोलून आली होती. पुढे त्यांनी नोकराच्या हाती पाकीट पाठवलं. तिने ते न उघडता परत केलं. मग उतारवयात त्यांनी पत्ते धरले, आणि तिने त्यांचं नाव घेणंही सोडलं. आजारपणात गेली नाही. गेली ती मातीलाच.

"सोड की ते दुकान," तिचा नवरा मानसिंग म्हणाला. "आपलं भागतंय न्हवं?"

भागत होतं, हे खरं. वीजकपातीत गिरणी अर्धी बंद असायची, तरी नवऱ्याचा शनिवारचा ओव्हरटाइम कधी चुकला नव्हता. मुलीची फी, शिलाई मशीन, सगळं त्यातूनच झालं होतं.

"क्लबात कुणीतरी साक्ष देईल," ती म्हणाली.

"कोण देतंय? त्यो हरला म्हंजे दुसरा कुणीतरी जिंकला. आपल्या अंगावर कर कोण वढून घील?"

तरी तो तिला सायकलवरून घेऊन आला. क्लबच्या फाटकात कुत्रं रत्नम्मावर धावून आलं. मानसिंगने चुचकारलं तसं ते शेपूट हलवत बसलं.

"तू जा आत. मी हितंच थांबतो," तो म्हणाला.

चन्नवीरांचे जुने सोबती शरणप्पा खिडकीपाशी एकटेच पत्ते पिसत बसले होते.

"आता आलीस व्हय?" ते म्हणाले. "बाप असताना कुटं हुतीस?"

रत्नम्मा समोरच्या खुर्चीपाशी आली. मग म्हणाली, "काका, अप्पा एकदाही जिंकले नाहीत, एवढं लिहून द्या."

"देतो की. पण साहेब इचारंल, कसं काय? तर तेबी सांगावं लागंल." त्यांनी पत्ते खाली ठेवले. "तुझा बाप लई पक्का खेळाडू. डाव टाकून उठला की मी त्याची पानं उलटून बगायचो. जिंकायचा डाव लागलेला असायचा."

"मग टाकायचे कशाला?"

"मीबी इचारलं. म्हणाला, शरणप्पा, हातानं दिलेलं माघारी येतंय. हरलेलं येत न्हाय."

रत्नम्माने खुर्चीची पाठ धरली. "काका, जिंकायचं कोण?"

शरणप्पांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"नाव लिवायला लावू नगंस, पोरी. कर त्याच्यावर बसंल," ते म्हणाले. "अन् आज शनिवार नसताना आलाय, तर उनात का हुबा केलायस त्याला? सायकल लावून आत ये म्हणावं."