बारा वाजेपर्यंत गप्प

नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढंही तुम्हाला जमलं नाही.

ब्रसेल्सच्या त्या काचेच्या इमारतीत नेझा ब्रेझोवार घड्याळाकडे बघायचं टाळत होती. युरोपियन युनियनच्या सत्तावीस देशांच्या वतीनं जगाला काय सांगायचं, त्याचे कागद लिहिणं हे तिचं काम. आजचा कागद तिनं सकाळीच सत्तावीस राजधान्यांना धाडला होता. मुदत दुपारी बाराची. तोवर कोणी काही बोललं नाही, तर कागद सगळ्यांचा. एकानं जरी तोंड उघडलं, तरी कागद मेला. युनियनची रीतच तशी.

"लग्नात पाद्री विचारतो ना, कोणाची हरकत आहे का, तसंच," समोरचा पात्रिस चीजचा पाव चावत म्हणाला. तो तिचा साहेब. "उगाच कोण खोकणार? शांत हो."

ती कशी शांत होणार? कागदात एक नाव होतं. तेमिरखान. लष्कराच्या ताब्यातल्या एका दूरच्या देशाच्या राजधानीत युनियनच्या कचेरीची गाडी चालवणारा. नेझा तिकडे तीन वर्षं होती, तेव्हा प्रत्येक लष्करी चौकीवर तो मागे वळून म्हणायचा, बाई, तुम्ही गप्प बसा, मी बोलतो. आणि बोलून सोडवायचा. मंगळवारी त्याच गाडीतून त्याला ओढून नेलं. हेर म्हणून. आज ब्रसेल्सच्या वेळेनं साडेबाराला त्याला लष्करी कोर्टापुढे उभं करणार होते, आणि त्या कोर्टातून परत आलेला माणूस कोणी पाहिलेला नव्हता. तुरुंगातला एक कारकून त्याच्या बायकोच्या कानात सांगून गेला होता: सत्तावीस देशांनी नाव घेऊन मागितला तर याला हात लावायची इथं कोणाची छाती नाही. नाव नसेल तर तो कोणीच नाही.

बायको, झुलमिरा, सकाळपासून चार वेळा फोन करून चुकली होती. नेझानं तिला सगळी रीत समजावली होती. झुलमिराला ती लगेच कळली. गप्प बसणं तिच्या देशात लेकरांनाही शिकवावं लागत नाही.

अकरा पन्नास. अकरा त्रेपन्न. पात्रिसनं बोटांवरचे पावाचे कण झटकले.

अकरा छपन्नला संगणकाचा पडदा उजळला. एका राजधानीचं दोन ओळींचं पत्र. मसुद्याला हरकत आहे. व्यक्तीचं नाव वगळावं, संबंध बिघडतात.

नेझानं ते दोनदा वाचलं.

पात्रिसनं उरलेला पाव बाजूला सारला. त्याच्या जागी 'एक स्थानिक कर्मचारी' लिही, म्हणाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत निघेल तरी. आणि हरकत कोणाची ते बाहेर सांगायचं नाही, हेही त्यानं बजावलं. नियम आहे.

फोन वाजला. नेझानं तो उचलला, कारण न उचलणं अजून भयंकर होतं.

"ताई, तुमच्याकडे बारा वाजले. कोणी बोललं नाही ना?"

"बोललं, झुलमिरा. एक जण बोलला."

पलीकडून हळू आवाज आला, भिंतीलाही ऐकू जाऊ नये असा. आमच्या शेजारच्यांची पोरं उचलून नेली तेव्हा हे सत्तावीसही गप्पच होते, ती म्हणाली. शाळेवर बॉम्ब पडला तेव्हाही.

"मग आजच कोणाला कंठ फुटला, ताई? माझ्या माणसाचं नाव ज्याला नको, त्याचं नाव काय?"

पात्रिसनं ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या डोळ्यांतही भीती होती, नोकरीची. नेझाला चौकीवरची गाडी आठवली, आणि मागच्या सीटवर गप्प बसलेली ती स्वतः.

तिनं फोन ठेवला नाही. एका हातानं कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं सत्तावीस राजधान्यांना एक ओळ लिहायला घेतली. पात्रिस उठून धावला, पण बटण दाबून झालं होतं.

"तेमिरखानची बायको फोन धरून आहे. ज्यानं हरकत घेतली त्यानं तिला आपलं नाव सांगावं. साडेबाराच्या आत उत्तर द्या."